फेसाचे डबे

६ जानेवारी १९५८, सोमवार. डोंबिवली

प्रयोगशाळेची नोंदवही कारखान्याची आहे. तिच्यात आकडे जातात. उरलेलं या वहीत.

कारखाना ठाण्याला आहे, कपडे धुण्याची पूड करतो. साबण तेलाचा होतो, ही पूड खनिज तेलाच्या पदार्थांपासून होते. सांडपाण्यातले जंतू साबण खाऊन संपवतात. पुडीतलं फेसाचं द्रव्य ते खातात की नाही, हे शोधायला मला घेतलं आहे. नेमणूक १ एप्रिलपर्यंत तात्पुरती. काम पसंत पडलं तर कायम.

प्रयोगाची जागा मानपाड्याच्या वाटेवरची कारखान्याची कामगार वसाहत. चाळीस बिऱ्हाडं. सगळ्यांना पूड फुकट मिळते, त्यामुळे सांडपाण्यात ती भरपूर असते. तिथे एक लहान शुद्धीकरण केंद्र आहे, त्यातच माझी प्रयोगशाळा. एका टाकीत पाण्यातून हवा सोडतात, म्हणजे जंतू वाढतात आणि घाण खातात. दुसरीत गाळ खाली बसतो. मग पाणी ओढ्याला जातं. दिवसाला वीस हजार लिटर. ओढ्याच्या काठी, दोन शेतं ओलांडून, गावाची विहीर आहे.

व्यवस्थापक सबनीस साहेब यांना उत्पादन पाचपट करायचं आहे. नवा कारखाना इथेच उभा राहील आणि त्याचं पाणी याच ओढ्यात सुटेल. त्यासाठी आरोग्य खात्याची परवानगी हवी. खात्याला माझा अहवाल ३१ तारखेपर्यंत हवा.

केंद्राचा चालक मारुती म्हात्रे हा गावातलाच माणूस आहे. हवेच्या टाकीवर कमरेइतका फेस होता. फळीवरून चालताना माझ्या साडीला लागला आणि नमुन्याच्या बाटलीतही शिरला. मी मारुतीला स्पष्ट सांगितलं, "उद्यापासून नऊ वाजता मी येईन तेव्हा टाकीवर फेस दिसता कामा नये."

"दिसनार नाय बाय," तो म्हणाला.


७ जानेवारी

टाकी स्वच्छ. माणूस ऐकणारा आहे.


९ जानेवारी

पद्धत बसली. पाण्याच्या नमुन्यात निळा रंग आणि क्लोरोफॉर्म घालून हलवायचं. जितकं द्रव्य असेल तितका निळा रंग खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो. मग ठरावीक प्रमाणाच्या नळ्यांशेजारी नळी धरून उत्तरेच्या उजेडात रंग जुळवायचा.

आत येणाऱ्या पाण्यात दहा लाख भागांत वीस भाग. बाहेर जाणाऱ्यात साडेसहा.

केंद्राचे अभियंते गुरुदत्त कोठारे खिडकीपाशी उभे राहून नळ्या धरतात. मी सांगितलं की लाकडी घोडी आहे, त्यात नळ्या राहतात. ते म्हणाले, "घोडी हलते." मी तपासली. हलत नाही.


१३ जानेवारी

पाच दिवसांची सरासरी: अडुसष्ट टक्के द्रव्य नाहीसं होतं. परदेशी नियतकालिकांत इतका आकडा कुणालाच मिळालेला नाही. आपल्याकडची उष्णता, आपले जंतू, असं कारण असावं.

एक गोष्ट जुळत नाही. पहिल्याच दिवशी मी एका मोठ्या बरणीत केंद्रातलं पाणी, थोडा गाळ आणि मोजून पूड घालून ती खिडकीत ठेवली आहे. आठवडाभरात तीत शंभरातले चौऱ्याण्णव भाग शिल्लक आहेत. बरणीत हवा फुंकली जात नाही, हे कारण पुरेसं वाटतं. नोंद केली.

मारुतीने दोन दुधी आणून टेबलावर ठेवले. "आमच्या मावशीच्या मल्यातलं." तुकतुकीत, एकही डाग नाही. आईने विचारलं, "या दिवसांत मावा कसा नाही पडला यांच्या वेलांवर?" मला शेतीतलं कळत नाही.


१६ जानेवारी

मारुतीची मावशी बायजाबाई केंद्राच्या कुंपणाशी आली होती. पन्नाशीची असेल. घरच्यांनी मिठागरावर काम केलं, आता ओढ्याकाठी भाजीचा मळा करतात. डोक्यावर रिकामा रॉकेलचा डबा. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच ती पानी मोजनारी बाय?"

"हो."

"लगीन झायला?"

"नाही."

"मग बरा हाय. मोजायला टायम मिलतो." आणि हसली. मग एकदम विचारलं, "नवा कारखाना झायला का त्याचा पानी आमच्या हिरीत उतरंल ना?"

मी सांगितलं की अडुसष्ट टक्के द्रव्य टाकीतच नष्ट होतं.

"म्हंजी शंभरातला बत्तीस ऱ्हातंय. त्यो कोन पिनार?"

"बत्तीस भाग पाण्यात मिसळून विरळ होतात. अपाय व्हावा इतके राहत नाहीत."

"तू पिशील?"

मी म्हटलं, आकडे बरोबर असतील तर पिईन. तिने मान डोलावली आणि डबा उचलून गेली. अशिक्षित बाईने वजाबाकी माझ्याआधी केली, याचं मला किंचित आश्चर्य वाटलं. वाटायला नको होतं.


२२ जानेवारी

मारुती रजेवर. शीळफाट्यापलीकडे भाच्याचं लग्न आहे. हळदीला अख्खा पाडा जातो, म्हातारी माणसंसुद्धा मागे राहत नाहीत. कोठारे यांनी स्वतः हवेचं यंत्र चालवलं. टाकीवर परत फेस. मारुतीला जमतं ते कोठारे यांना का जमू नये, असं विचारलं. "मी अभियंता आहे, झाडूवाला नाही," म्हणाले, आणि नंतर ठाण्याहून आणलेलं काचेचं बूच माझ्या बाटलीला बसवून दिलं. जुनं गळत होतं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या पाण्यात १४.८. म्हणजे फक्त सव्वीस टक्के नाहीसं झालं.


२३ जानेवारी

१५.२. चोवीस टक्के. क्लोरोफॉर्मची नवी बाटली उघडली आहे. तीच खराब असणार.


२५ जानेवारी, शनिवार

काल १५. आज मारुती परत आला आणि आकडाही परत आला: ६.३. बाटली तीच.

म्हणजे दोष क्लोरोफॉर्मचा नाही. मग तीन दिवस कशाचा होता? यंत्र नवख्या हातांनी चालवलं, हवा कमी पडली असेल, असं कोठारे यांना विचारलं. ते म्हणाले, "हवा मी मोजली होती. नेहमीइतकीच होती." मला त्यांचं म्हणणं पटवून घ्यायचं नव्हतं.

तीन दिवसांचे आकडे लाल रेघेने खोडले. शेजारी लिहिलं: चालकाच्या गैरहजेरीमुळे अविश्वसनीय.


३१ जानेवारी

अहवाल गेला. अडुसष्ट टक्के. खाली सही: शुभदा प्रधान, एम. एस्सी.

सबनीस साहेबांनी फोन केला. "प्रधानबाई, उत्तम काम. एप्रिलची काळजी करू नका."

घरी सांगितलं. आईने शिरा केला. भाऊंनी चष्मा लावून अहवालाची प्रत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. भाऊ, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं रेल्वेच्या तारघरात होते. ते कुठलाही कागद असाच वाचतात. "या तीन तारखा गाळल्या आहेत का?" एवढंच विचारलं. मी कारण सांगितलं. "असं का," म्हणाले.


९ फेब्रुवारी

बरणीत आज शंभरातले ब्याऐंशी शिल्लक. महिना उलटला. मी तीत दोन आठवड्यांपासून रबरी नळीने हवाही सोडते आहे. तरी ब्याऐंशी.

टाकीत पाणी फार तर आठ तास थांबतं. बरणीतल्या जंतूंना महिन्यात जमलं नाही ते टाकीतल्यांना आठ तासांत जमतं, असा माझ्या अहवालाचा अर्थ होतो.

नमुने मी नेहमी नऊला घेते. पहाटे काय होतं ते मला माहीत नाही. बुधवारी लवकर जाणार.


१२ फेब्रुवारी, बुधवार

सात वाजायच्या आत पोहोचले. लांबूनच बायकांचं बोलणं ऐकू आलं.

टाकीच्या कडेला मारुती उभा होता. हातात लांब बांबूला बांधलेलं सूप. तो फेस ओढून कडेच्या हौदात लोटत होता. हौदात फेस बसत होता आणि त्याचं काळसर पाणी होत होतं. पाच बायका ते पाणी रॉकेलच्या डब्यांत भरत होत्या. सगळ्यांत पुढे बायजाबाई.

"आज सकाली सकाली, बाय?" तिने विचारलं. "चा तरी पिलीस का?"

मी विचारलं, हे काय चाललं आहे.

"फेसाचा पानी. येलावर शिंपरला का मावा मरतंय. आधी आमी राख टाकायचो, तमाखूचा पानी टाकायचो. ह्यो लय भारी. तुना खाल्लास ना दुधी?"

"कधीपासून नेता?"

तिने मारुतीकडे पाहिलं. मारुती माझ्याकडे पाहत होता, अगदी सरळ, काही लपवण्यासारखं नसलेल्या माणसासारखा. "तुमी बोलल्या ना बाय, नऊला फेस दिसला नाय पायजे. पयल्या दिशी मी वतून टाकला. मावशी बोलली, फुकट कशाला घालवतस, आमाना दे. रोज धा डबे जातान."

"आणि लग्नाच्या वेळी?"

"तवा कोन नेनार? सगली हलदीला."

मी एका डब्यातून बाटली भरून घेतली.

दहा वाजता मोजलं. नळीतला निळा इतका गडद आला की नमुना शंभरपट विरळ करावा लागला. डब्यातल्या पाण्यात लिटरला नऊशे मिलिग्राम. डबा अठरा लिटरचा. दहा डबे म्हणजे एकशे बासष्ट ग्राम. टाकीत दिवसाला येणारं एकूण द्रव्य, लिटरला वीस मिलिग्राम धरून, चारशे ग्राम.

शंभरातल्या त्या अडुसष्ट भागांपैकी चाळीस जंतूंनी खाल्लेच नव्हते. ते डोक्यावरून मळ्यात गेले. मळ्यातून पावसाने ओढ्यात जातील. आणि खरा आकडा मी लाल रेघेने खोडलेल्या तीन ओळींत आहे.

कोठारे शेजारी उभे होते. घोडीतली नळी उचलून उजेडात धरली आणि मग जागेवर ठेवली.


१३ फेब्रुवारी

मारुतीला सांगितलं, फेस काढायचा नाही, साडीला लागू दे. तो गोंधळला. "मग आदी काडायला का सांगितला?"

"माझी चूक झाली."

त्याने मान खाली घातली, जणू चूक त्याची होती.


१६ फेब्रुवारी

फेस न काढता तीन दिवस: पंचवीस, सत्तावीस, चोवीस.


१७ फेब्रुवारी, सोमवार

ठाण्याला सबनीस साहेबांकडे गेले. सगळे कागद समोर ठेवले. त्यांनी ते नीट पाहिले. साहेब मूर्ख नाहीत.

"फेस काढून टाकणं ही शुद्धीकरणाचीच एक रीत झाली की. पाण्यातून द्रव्य गेलं ना? अहवालात 'नाहीसं होतं' असं आहे. 'जंतू खातात' असं कुठे आहे?"

"चौथ्या पानावर आहे. मी लिहिलं आहे."

"मग चौथं पान बदलू."

"फेस मोडला की द्रव्य पाण्यात परत येतं, साहेब. ते जिथे ओताल तिथे असतं. पाचपट उत्पादनात रोज पन्नास डबे निघतील. ते कुठे ओतायचे?"

"ते नंतर पाहता येईल. तुम्ही तरुण आहात, प्रधानबाई. पहिल्याच अहवालावर स्वतःच्या हाताने काट मारलीत तर पुढचा अहवाल तुमच्याकडून कोण घेईल? मी तुमच्या भल्याचं सांगतो आहे."

हे खरं आहे. तरी मी म्हटलं, "काट मी आधीच मारली होती. चुकीच्या ओळींवर. ती काढायला आले आहे."

ते म्हणाले, कारखान्यामार्फत असं पत्र खात्याकडे जाणार नाही.


१८ फेब्रुवारी

संध्याकाळी भाऊंना विचारलं, तारघरात चुकीची तार गेली तर काय करायचे. सगळं सांगितलं नव्हतं, पण त्यांनी विचारलंही नाही.

"दुसरी तार करायची. त्याच दिवशी, त्याच पत्त्यावर. आधीचा नंबर घालून, कुठला शब्द चुकला तो, आणि बरोबर शब्द. बाकी एक अक्षर नाही. कारणं लिहीत बसलं तर वाचणारा कारणांतच अडकतो."

"आणि तार करणाऱ्याचं?"

"त्याच्या नोकरीच्या पुस्तकात नोंद होते." ते चष्मा पुसत होते. "माझ्या पुस्तकात सहा आहेत."

तीस वर्षांत सहा. मला हे ठाऊक नव्हतं.


१९ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. अहवालाचा क्रमांक आणि तारीख. अडुसष्टच्या जागी पंचवीस वाचावे. २२ ते २४ जानेवारीचे वगळलेले आकडे सोबत जोडले आहेत. ते वगळणे चूक होते. फेस माझ्या सूचनेवरून काढला जात होता. एकूण नऊ ओळी.

कोठारे यांनी ते वाचलं आणि खिशातून पेन काढलं. "डब्यातलं पाणी मोजताना मी शेजारी होतो. माझीही सही घ्या."

"तुमची नोकरी कायम आहे. तुम्हाला गरज नाही."

"घोडी हलते, असंही मी म्हणालो होतो," ते म्हणाले. याचा पत्राशी काय संबंध ते मला समजलं नाही. सही त्यांनी माझ्या सहीच्या शेजारी केली, खाली नाही.

डोंबिवलीच्या टपालातून रजिस्टर करून पाठवलं. पावती या पानाला लावली आहे.


२१ फेब्रुवारी

सकाळी बायजाबाईच्या मळ्यात गेले. तिला कुणी तरी सांगायला हवं होतं, आणि ते काम मारुतीवर टाकणं बरोबर नव्हतं. ओढा ओलांडताना चप्पल चिखलात राहिली. तिने काठीने काढून दिली.

सांगितलं की मी दिलेला आकडा चुकीचा होता. शंभरातले बत्तीस नाही, पंचाहत्तर शिल्लक राहतात. फेसाचं पाणी आता मिळणार नाही, आणि वेलांवर आधीच घातलेलं जमिनीत आहे.

ती वेलाजवळ उकिडवी बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी आमी डबे नेले म्हनून तू चुकलीस."

"नाही. मी न बघता लिहिलं म्हणून चुकले."

"साहेब वराडला असंल."

"ओरडले नाहीत."

"मग लय रागावला." तिने एक पान उलटं करून दाखवलं. खालून मावा पसरायला लागला होता, हिरवट, बारीक. "आठ दिस झायला. बग."

मी पाहिलं. यावर माझ्याकडे आकडा नव्हता. तंबाखू किती पाण्यात किती वेळ भिजवायची ते मी काढून देईन, असं म्हटलं.

"त्यो मना येतंय," ती म्हणाली. "तू पानी मोज."


६ मार्च

सबनीस साहेबांचं पत्र. माझी नेमणूक १ एप्रिलला कायम होणार नाही.

शिमगा असल्यामुळे आज केंद्रावर कुणी नव्हतं. कोठारे आले होते. टाकीवर त्यांनी भोकं पाडलेली लोखंडी नळी बसवली आहे. तिच्यातून टाकीतलंच पाणी फेसावर पडतं आणि फेस टाकीतच खाली बसतो. बाहेर काहीही जात नाही. मी चाचणी घेतली. काम करते.

"कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. साडीला लागत होता."


२४ मार्च

आरोग्य खात्याचं पत्र थेट माझ्या नावाने आलं. कारखान्याच्या अर्जावर निर्णय नाही. आधी वर्षभराचे आकडे हवेत, फेस टाकीतच ठेवून, पावसाळ्यासह. शिवाय ओढ्याचं आणि विहिरीचं पाणी दर महिन्याला. शेवटची ओळ: मोजणी शक्यतो त्याच रसायनतज्ज्ञांकडून व्हावी, ज्यांनी दुरुस्तीचे पत्र पाठविले.

भाऊंना पत्र दिलं. त्यांनी ते पहिल्या शब्दापासून वाचलं. मग आईला हाक मारून परत मोठ्याने वाचलं. "दुरुस्तीचे" हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. आईला ऐकायला कमी येतं म्हणून असेल म्हणावं, तर तिला कमी येत नाही.


१ एप्रिल १९५८, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. वर्षाचा करार, तात्पुरताच, पगार वाढ नाही. "तुमच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही," ते म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं. मला ते नकोही होतं. मी एक अट घातली: कोणताही आकडा मीही वगळणार नाही आणि तेही नाही. त्यांनी सही केली.

दुपारी विहिरीवर गेले. बायजाबाईने पोहरा ओढला. अर्धी बाटली पाणी घेतलं, बूच लावलं आणि जोराने हलवलं. फेस नाही. प्रयोगशाळेत मोजलं तर निळा रंग उतरला नाही. परत विहिरीवर येऊन तिला सांगितलं.

तिने तांब्या भरून पुढे केला. "मग पी."

मी प्यायले. थंड होतं, किंचित खारट.

"फुडल्या म्हयन्याला?" तिने विचारलं.

"पुढच्या महिन्याला मोजून सांगेन. प्यायचं की नाही तेही सांगेन."

केंद्रावर परत येऊन नोंदवही उघडली. जानेवारीच्या पानावर लाल रेघांखाली तीन आकडे दिसत होते. मी खोडताना रेघ बारीक मारली होती, हे बरं झालं. तिघांच्या शेजारी काळ्या शाईने लिहिलं: ग्राह्य. आजची सही, आजची तारीख.

मग नवं पान. आत येणारं पाणी वीस. बाहेर जाणारं पंधरा. नाहीसं झालेलं: पंचवीस टक्के. कोठारे नळ्या धरून उभे होते. घोडी टेबलाखाली ठेवली होती. मीच सकाळी ठेवली.